सत्तरीतली अडीच हेक्टर: झाडं कुठली लावायची हे विचारायचं कुणाला?

दोन_ओहोळ | 11 ऑगस्ट 2024

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या वाड्याच्या वरच्या अंगाला अडीच हेक्टर डोंगर आहे. मालकी सामाईक, वापर सगळ्यांचा, निगा कुणाचीच नाही. पणज्याच्या वेळी तिथे कुमेरी, म्हणजे रान जाळून फिरती शेती, करत. मग काजू आले. काजूखालची झाडी काढायला माणसं मिळेनात, तसं अर्धं रान वाढलं. खालच्या टप्प्यात कुणीतरी आकेशिया घुसवली, ती आता तिची तीच पसरते. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले तेव्हा आमचाही वरचा उतार तीन दिवस धुमसत होता.

त्यानंतर आम्ही पाचसहा जणांनी ठरवलं की इथे पुन्हा रान उभं करायचं. जून 2023 मध्ये एका रोपवाटिकेने फुकट दिलेली 400 रोपं लावली. कडुनिंब, गुलमोहर, सिल्व्हर ओक, करंज, थोडा बांबू. फोटो काढले, टोप्या वाटल्या, पेपरातही आलं. या मे महिन्यात मोजली तर 31 जिवंत. त्यातली 26 ओहोळाकडची करंजं.

खड्डे खणत होतो तेव्हा शेजारची काकी मोळी घेऊन उतरत होती. थांबून म्हणाली, "कडुनिंब? या गावात कडुनिंब बघितलाय कोणी?" आम्ही हसलो. आता हसू येत नाही.

म्हणून या वर्षी आधी गावाला विचारायचं ठरवलं. देवळात बैठक घेतली, "कुठली झाडं लावूया?" असं सरळ विचारलं. उत्तर आलं: काजू, आंबा, फणस, काजू, माड, काजू. मग गावाला विचारून करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? कुणी केलंय का?

हिरवळ | 11 ऑगस्ट 2024

मियावाकी पद्धत करा, दाटीवाटीने रोपं लावायची. दोन वर्षांत घनदाट जंगल. गूगलवर सगळं आहे.

कुळागरकार | 11 ऑगस्ट 2024

हिरवळ, चौरस मीटरला तीन रोपं धरली तर अडीच हेक्टरला 75,000 रोपं होतात. त्यांचे खड्डे, खत आणि पहिली दोनतीन वर्षं पाणी. तुम्ही येताय का टिकाव घेऊन? शहरातल्या दोन गुंठ्यांत ती पद्धत शोभते. डोंगरावर नको.

दोन_ओहोळ, तुमची 26 करंजं जगली यातच निम्मं उत्तर आहे. करंजाला ओहोळाची कड लागते, ती त्याला मिळाली. बाकीच्यांना त्यांची जागा मिळाली नाही, किंवा त्यांची जागा गोव्यात नाहीच. कडुनिंब हे कोरड्या मुलखातलं झाड. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि खाली चिरा, त्यात त्याने करायचं काय?

फेणीप्रेमी_नं_1 | 12 ऑगस्ट 2024

काजू लावा, हुर्राक (काजूची हलकी दारू) काढा, उरलेलं फेसबुकवर टाका.

काणकोणची_सून | 12 ऑगस्ट 2024

दादा, तुमचा प्रश्न चुकला म्हणून उत्तर चुकलं. "कुठली झाडं लावूया" म्हटलं की माणूस बाजाराचा विचार करतो. माझ्या बाबांना विचारलंत तर तेही काजूच म्हणतील, आणि त्यांना रान कळत नाही असं मुळीच नाही.

आमच्याकडे काणकोणात आम्ही उलट्या बाजूने गेलो. चवथीच्या आदल्या दिवशी सासूबाईंबरोबर माटोळीचं सामान आणायला गेले आणि वही बरोबर नेली. (गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी: गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली, बागेतली फळं, फुलं, वेली बांधतात, ती माटोळी. म्हापसा, फोंडा, पणजीच्या बाजारात आता ती विकतही मिळते.) सासूबाई शाळेत चौथीपर्यंत. त्यांनी सकाळी आठ ते अकरा या वेळात मला 43 नावं सांगितली. वहीत सगळी आहेत.

पण नावांपेक्षा पाहण्यासारखं होतं ते त्यांचं चालणं. घरातून निघताना त्यांना माहीत होतं की कवंडळ कुठल्या झाडावर चढलेलं असणार, कांगले कुठल्या कडेला, केवणीचा दोर कुठून सोलायचा. माट्टीची कोवळी फळं तोडताना एक माझ्या तळहातावर ठेवलं. करमलासारख्या पाच धारा. म्हणाल्या, "किंदळाचं बघ, त्याला एकच पंख मोठा, म्हणून ते लांब जातं. ही जड, ही झाडाखालीच पडते." मी बी.एस्सी. आहे. हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग मी विचारलं, पूर्वी कुठून आणत होता? तिथे त्यांनी बोलायला सुरुवात केली ती थांबेचनात. सून होऊन आल्या तेव्हा सगळी माटोळी घरामागच्या उतारावरच पुरी व्हायची. आता घोटिंगासाठी ओहोळापलीकडे जावं लागतं आणि तीनचार जिन्नस तर चावडीच्या बाजारातून विकत. म्हणजे काय गेलं, कुठून गेलं आणि साधारण कधी गेलं, हे एका माटोळीत निघालं. तुमची चवथ 7 सप्टेंबरला आहे. वही घ्या आणि काकीबरोबर जा. ती हसली नव्हती, तुम्ही हसलात.

दोन_ओहोळ | 12 ऑगस्ट 2024

ताई, कान पकडले.

वनस्पती_मास्तर | 13 ऑगस्ट 2024

माटोळीची कल्पना उत्तम. निवृत्त शिक्षक म्हणून दोन शंका मात्र काढतो, राग नसावा.

पहिली नावांची. वरच्या प्रतिसादात करमल आलं. गोव्यात करमल म्हणजे पाच धारांचं आंबट फळ, परसातलं. मराठी वनस्पतिकोशात करमळ शोधाल तर डिलेनिया निघेल, जंगलातलं मोठ्या पानांचं वेगळंच झाड. जांब्याचं तर विचारू नका. जांबा हे कठीण लाकडाचं झाड, जांब हे परसातलं गुलाबी फळ, जांभूळ तिसरं, आणि जांभा म्हणजे पायाखालचा चिरा. माझ्या एका विद्यार्थ्याने फोनवरून "जांब्याची पन्नास रोपं" मागवली. जांभळाची आली. नशीब दगड नाही आले. तेव्हा प्रत्येक नावाला एक डहाळी, सालीचा फोटो आणि फूल किंवा फळ जोडा, शास्त्रीय नाव पक्कं करा आणि मगच रोपाचा विचार करा. आपल्या राज्यवृक्षाचंच बघा. आपण माट्टी म्हणतो, घाटावर तोच ऐन, शास्त्रीय पुस्तकांत तोच टर्मिनेलिया. तीन माणसं तीन झाडं समजून भांडतील.

दुसरी शंका महत्त्वाची. माणसाला उपयोगाची झाडं आठवतात. चांदाड्याचं नाव तुम्हाला कुणी सांगणार नाही, कारण तो कचरा समजतात. पण रान तुटलं की उघड्या जागेत पहिल्यांदा उगवतो तो चांदाडाच. चारपाच वर्षांत सावली धरतो, पाखरांना बसायला जागा देतो. ती पाखरं दुसरं बी आणून टाकतात आणि त्या सावलीत पुढची झाडं येतात. थायलंडमध्ये चियांग माई विद्यापीठाचा वन-पुनर्स्थापनेचा गट 1994 पासून नेमकं हेच करतो आहे. ते साऱ्या जंगलाची रोपं लावत बसत नाहीत. स्थानिक वीसतीस जाती निवडतात. भराभर वाढणाऱ्या, गवत दाबणाऱ्या, पाखरांना खाऊ देणाऱ्या. बाकीचं रान पाखरं आणि उदमांजरं आणतात. डोंगरावरच्या ह्माँग लोकांच्या गावाबरोबर त्यांनी वर्षानुवर्षं हे काम केलं, गावाचीच रोपवाटिका उभी राहिली. ती निवड करताना गावकऱ्याचं म्हणणं आणि रोपवाटिकेतली मोजदाद दोन्ही धरतात. म्हणून काकीला विचारा, पण काकी जे सांगत नाही तेही बघा.

काणकोणची_सून | 13 ऑगस्ट 2024

मास्तर, चांदाड्याबद्दल एकदम मान्य. पण सासूबाईंना "कचरा झाडं कुठली?" असंही विचारलं होतं. नऊ सांगितली. पहिलं नाव चांदाडो.

वनस्पती_मास्तर | 13 ऑगस्ट 2024

मग माझी दुसरी शंका मागे घेतो. पहिली ठेवतो.

सड्यावरचो | 14 ऑगस्ट 2024

एकच सांगतो. त्या अडीच हेक्टरांत माथ्यावर सडा असेल तर त्याला हात लावू नका. लोक उघडा कातळ बघतात आणि पडीक समजून खड्डे मारतात. श्रावणात जाऊन गुडघ्यावर बसा. सीतेची आसवं, गेंद, इवलं गवत, कातळाच्या खळग्यात बेडूक. ती जागा पडीक नाही, तिथे झाड कधी नव्हतंच. माणसं माती ओतून गुलमोहर लावतात, मार्चमध्ये त्याच्या काड्या होतात आणि सडाही जातो.

पुण्यात_अडकलेला_गोंयकार | 14 ऑगस्ट 2024

धागा वाचून गावाची आठवण आली. आजो म्हणायचा... काय म्हणायचा ते आता आठवत नाही. चुन्नां ही रानफळं खायचो एवढं आठवतं, एप्रिलात, पांढरी, चिकट. ती लावा कृपया.

कुळागरकार | 15 ऑगस्ट 2024

चुन्नां लावायला नकोत, गुरं आणि आग आवरा, ती आपोआप येतात.

दोन_ओहोळ, एक खोचक प्रश्न. देवळातल्या बैठकीत कोण कोण होतं? माझा अंदाज: गावकर, पंच, काजूवाले, दोन मास्तर. बायका मागे ओसरीवर. आणि गवळी-धनगर? त्यांच्या म्हशी त्या डोंगरावर चरत असतील तर तिथे काय टिकतं, काय नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसणार. "गावाला विचारलं" म्हणताना गावातल्या कुठल्या घराला विचारलं ते आधी लिहा. माझ्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) मी हीच चूक केली. वरच्या पाण्याचा उगम कुठे आटतो हे मला भाऊबंदांनी चुकीचं सांगितलं आणि गवळ्याच्या पोराने बरोबर.

आणि उतार वाचून लावा. अख्ख्या डोंगराला एक यादी चालत नाही. ओहोळाच्या कडेला करंज, जांभूळ, वाळुंज, उंबर. ओलावा धरणाऱ्या सावलीत भिरंड (कोकम) आणि भेरली माड. मधल्या उतारावर किंदळ, माट्टी, नाणो. जळक्या, चिऱ्याच्या भागात जांबा आणि कुंभा. कुंभ्याची साल जाड, आगीतून गेला तरी बुडातून फुटतो. माट्टीची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली सालही उगाच नाही.

रोपवाटिकेतला_पोरगा | 16 ऑगस्ट 2024

मी बियांचंच काम करतो म्हणून थोडं लांबण लावतो.

माट्टीची आणि किंदळाची फळं पोत्याने गोळा होतात, पण उगवण फार कमी. दहा फळं विळीवर आडवी कापून बघा, कधी दहातली आठ आतून रिकामी. आधी न कापता पिशव्या भरल्या तर माती आणि मजुरी दोन्ही फुकट. हे आमच्याकडे एक वर्ष झालंय. साहेबांना वाटलं पोरं पाणी घालत नाहीत.

जांभूळ, फणस, भिरंड यांचं बी वाळवून ठेवायचं नसतं. फळ खाल्लं की त्याच आठवड्यात मातीत. कपाटात ठेवलं की मेलं. भिरंडाची आणखी गंमत म्हणजे त्यात नर वेगळा, मादी वेगळी. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात आणि हे कळायला सहासात वर्षं लागतात. रानासाठी काही बिघडत नाही, नरही हवेतच. सोलांसाठी हवी तर मादीची कलमं वेगळी, घराजवळ लावा. दोन्ही हिशेब एका खड्ड्यात नको.

बी एकाच झाडाखालून उचलू नका. निदान वीसपंचवीस झाडांचं थोडं थोडं. रस्त्याकडेच्या एका वडाखाली सगळे जातात आणि मग साऱ्या तालुक्यात त्याचीच पोरं.

सगळ्यात चांगली मातृवृक्षं देवरायांत आहेत. पण तिथली काटकीसुद्धा उचलत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. बांबरच्या निरंकाराच्या राईत रानजायफळाची झाडं पाण्यात मुळांचे गुडघे वर काढून उभी आहेत, ती या रिवाजामुळेच. आम्ही एका राईतून बी घेतलं तेव्हा आधी गावकरांकडे गेलो. त्यांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, आम्ही खाली पडलेलंच घेतलं, झाडाला हात लावला नाही. आणि रानजायफळ बघून मोहात पडू नका. ते वर्षभर ओल असलेल्या दलदलीतलं झाड, तुमच्या जळक्या उतारावर महिनाही काढणार नाही.

जाता जाता: फेब्रुवारी ते मे बी गोळा करायला रानात जाल तर सत्तरीत माकडताप आहे हे विसरू नका. पूर्ण कपडे, गोचीड चिकटू नये म्हणून तेल, मेलेलं माकड दिसलं तर मागे फिरा आणि आरोग्य केंद्राला कळवा.

फेणीप्रेमी_नं_1 | 16 ऑगस्ट 2024

मस्करी बाजूला ठेवतो. आमच्या घरात मार्च-एप्रिलचे पैसे काजूतूनच येतात. तुम्ही सगळे "स्थानिक झाड, स्थानिक झाड" म्हणता. काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला हे मलाही ठाऊक आहे. चारशे वर्षांवर झाली की त्याला. अजून किती वर्षांनी तो गावचा होणार?

काणकोणची_सून | 17 ऑगस्ट 2024

भाऊ, हा प्रश्न खरा आहे. काजू कुणी उपटायला सांगत नाही. पण काजूखाली दर वर्षी सगळं साफ करतो आपण, बोंडू वेचता यावेत म्हणून. त्यात किंदळाचे धुमारेही जातात. जिथे काजू देतो तिथे काजू. जिथे म्हातारा झालाय, देत नाही, तिथे धुमारे राखायचे. इतकं तर चालेल?

फेणीप्रेमी_नं_1 | 17 ऑगस्ट 2024

चालेल. माझ्या बापाला तुम्ही सांगा.

पंचायत_कारकून | 19 ऑगस्ट 2024

2002 च्या जैवविविधता कायद्याखाली पंचायतीत जैवविविधता समिती असते आणि तिच्याकडे लोकनोंदवही. ती मागून बघा. काही ठिकाणी मेहनतीने केलेली आहे. काही ठिकाणी पुस्तकातून उतरवलेली. ओळखायची खूण: नोंदवहीत वाड्यांची, कोंडींची, ओहोळांची नावं आहेत का बघा. नुसती झाडांची यादी असेल तर परत कपाटात ठेवा.

दोन_ओहोळ | 15 सप्टेंबर 2024

चवथ झाली, गणपती पोचवले, आता लिहितो.

काकीबरोबर गेलो. आधी तिला पटेचना की मला खरंच ऐकायचंय. "पेपरवाले येणार?" नाही म्हटल्यावर खुलली. मग मी दोनच प्रश्न धरून बसलो, आपल्या भाषेत: आदीं हांगा कितें आशिल्लें? आनी आपशींच कितें येता? (आधी इथे काय होतं? आणि आपोआप काय येतं?) देवळात जे तासभर निघालं नव्हतं ते वीस पावलांत निघालं.

कुळागरकार, तुमचा खोचक प्रश्न लागला. धनगरवाड्यावर कुणी गेलंच नव्हतं. गेलो. तिथल्या मामांनी आधी चहा दिला, मग म्हणाले, "तुम्ही खड्डे मारलेत तिथे आमच्या म्हशी दुपारी बसतात. रोप लावताना सांगितलं असतं तर म्हशी हलवल्या असत्या." चारशे रोपांतली किती तुडवून गेली असतील, देव जाणे.

मग ते वर घेऊन गेले. जळक्या उतारावर रानमोडीचं तण माणसापेक्षा उंच झालंय, मी तिथे वर्षभर पाऊलच टाकलं नव्हतं. त्यांनी कोयत्याने ती दोन्हीकडे दाबली आणि खाली दाखवलं. जुना, काळा, मांडीएवढा बुंधा, आणि त्याच्या कडेने हाताएवढे सात लाल धुमारे. जांबा. चार पावलांवर दुसरा. मग किंदळ. मग कुंभा. मी मोजायला लागलो, साठाच्या पुढे सोडून दिलं. म्हणाले, "हे मेलेलं नाही. वरचं गवत काढा, दर बुंध्याला दोन धुमारे राखा, बाकी काढा. लावता कशाला?"

म्हणजे अडीचमधल्या जवळजवळ दीड हेक्टरला रोपं नकोतच. तिथे जाळरेषा (आग अडवायला साफ केलेला पट्टा) हवी आणि रानमोडीवर वर्षातून दोनदा कोयता. आम्ही या खेपेला 2,000 रोपं मागवणार होतो.

वनस्पती_मास्तर | 15 सप्टेंबर 2024

धुमाऱ्यांचे फोटो टाका. जांबाच आहे ना? (पहिली शंका अजून ठेवलेली आहे.)

दोन_ओहोळ | 16 सप्टेंबर 2024

टाकले. दगड नाही, जांभूळ नाही.

वनस्पती_मास्तर | 16 सप्टेंबर 2024

जांबाच. शंभर टक्के.

दोन_ओहोळ | 23 मार्च 2025

धागा वर काढतो. बरेच जण खाजगीत विचारत होते काय झालं म्हणून.

नोव्हेंबरात रानमोडी काढली, फुलं सुटायच्या आत. जानेवारीत माथ्यापासून ओहोळापर्यंत तीन मीटर रुंद जाळरेषा. मामांच्या म्हशींची वाट पूर्वेच्या कडेने वळवली. त्या बदल्यात त्यांना आकेशियाचं लाकूड गोठ्यासाठी. आकेशिया एकदम नाही तोडणार, टप्प्याटप्प्याने, कारण उघडं पडलं की पुन्हा रानमोडी. सड्याला हात लावलेला नाही. फेणीप्रेमीच्या बाबांना मी स्वतः भेटलो. तीन म्हातारे काजू सोडायला तयार झाले, चौथ्यावर अडलंय.

जूनसाठी रोपं 340. ओहोळाकडे जांभूळ, उंबर, भेरली माड. मधल्या टप्प्यात माट्टी, नाणो, घोटिंग आणि चाळीस चांदाडे. चांदाड्याची रोपं तयार करतोय म्हटल्यावर गावात अजून हसतात. काकी हसत नाही. तिने घोटिंगाचं बी स्वतः आणून दिलं, पदरात बांधून, आणि कुठल्या झाडाचं ते सांगितलं नाही.

वाद एकच उरलाय. खालच्या कोपऱ्यात एका जागेत देवचाराचं, म्हणजे गावच्या राखणदाराचं, ठिकाण आहे, तिथे खणायचं नाही असं काकी म्हणते. आमच्यातले दोघे म्हणतात खणू, जागा ओलसर आहे, जांभळाला उत्तम. मी तूर्त यादीतून ती जागा काढली आहे.

परवा दुपारी मामांबरोबर वरच्या दगडावर बसलो होतो. ऊन असं की बोलवेना. एकदम फट् करून आवाज आला, मग पलीकडून दुसरा. ते म्हणाले, जांब्याच्या शेंगा फुटतात. वरच्या बाजूला न जळलेली तीन मोठी झाडं आहेत, त्यांच्या. बी कुठवर उडतं ते बघायला आम्ही खाली उतरलो. पहिलं सापडलं ते झाडापासून अकरा पावलांवर, आमच्याच जुन्या गुलमोहराच्या खड्ड्यात.

कुळागरकार | 23 मार्च 2025

उचललंत की ठेवलंत?

दोन_ओहोळ | 23 मार्च 2025

ठेवलं. वर थोडा पाला ओढला.